उलटं उमटलेलं जातं

दिवाळी सरली की माझ्या कामाच्या खोलीत माझं मन रमत नाही. खिडकी उघडी ठेवावी तर वाऱ्यावर कापलेल्या भाताचा वास येतो, आणि बंद ठेवावी तर आम्लाच्या वाफेने ठसका लागतो. म्हणजे जीव गुदमरायचा तो दोन्हीकडून गुदमरतोच. तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्रं कोरण्यात माझा जन्म गेला, सत्तरीही मागे पडली. पण सुगीच्या या तीन-चार आठवड्यांत हात चालत नाही म्हणजे नाही. लोणावळ्याच्या आसपास आता खाचरं उरलीत ती बंगल्यांच्या कुंपणांमधून डोकावणारी. त्यांत आंबेमोहोर तर कुणी लावतही नाही. पण वासाला हे कुणी सांगितलेलं नसावं. तो ठरल्या वेळी येतो आणि मला उचलून वलवणच्या धरणाखाली नेऊन ठेवतो.

परवा एक तरुण समीक्षक घरी आले होते. माझ्या ‘जातं’ या जुन्या एचिंगबद्दल त्यांना लिहायचं होतं. चित्रात नऊवारीतली एक बाई जात्यावर बसली आहे, एवढंच. पण ते म्हणाले, “मॅडम, यातली स्त्री काळाचं चक्रच उलटं फिरवते आहे. केवढं धाडसी प्रतीक!” मी म्हटलं, “अहो, ती चूक आहे.” त्यांनी वहीत लिहून घेतलं : बाई अत्यंत नम्र आहेत. नम्र कसली डोंबलाची! खरंच चूक होती ती. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मी खिडकीशी जाऊन बसले. त्या चुकीने एका बाईचं काय होऊ घातलं होतं, ते चहाच्या एका कपात सांगण्यासारखं नव्हतं.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होते. माझे वडील, अण्णा, वलवणच्या धरणावर फिटर, त्यामुळे आमचं बिऱ्हाड धरणाखालच्या दोन खोल्यांत. परीक्षेसाठी एक मोठी प्लेट करायची होती. आमचे सर म्हणाले होते, “तुमच्या मुलखातलं काहीतरी आणा. देखावे नकोत, माणसं आणा.” म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले ती ट्रंकेत तांब्याचा पत्रा, काळं मेण आणि सुया घेऊन. पत्रा खायचं आम्ल, म्हणजे तेजाब, मिळालं लोणावळ्याच्या सोनाराकडून, तेही आई सोबत आली तेव्हा. आणि तेजाब ओतायला पसरट तबक मिळालं तिथल्याच फोटोग्राफरकडून. परत येताना आई रस्ताभर एकच म्हणत होती, “लोकांच्या मुली सुट्टीला येताना विणकाम आणतात.”

ती सुगी मला अजून जशीच्या तशी दिसते. सकाळी धरणाच्या पाण्यावर धुकं इतकं दाट, की पलीकडच्या काठावरची माणसं नुसती ऐकू यायची. ऊन वर आलं की खाचरं एकदम पिवळीधमक. विळ्यांचा खसखस आवाज, ओल्या पेंढ्याचा गोडसर वास, आणि घाट चढून आलेल्या गाडीची लांबून शिट्टी. दुपारपर्यंत भारे बांधून व्हायचे, मग बायका बांधावर बसून भाकरी सोडायच्या. आम्ही लोणावळ्याची माणसं वर्षभर पाहुण्यांकडून पावसाचं कौतुक ऐकून घेतो. पण आमचा खरा ऋतू हाच. पाहुणे नसतात, चिखल वाळलेला असतो आणि पोटाला मिळणार हे डोळ्यांना दिसत असतं.

आमच्या खोल्यांसमोरच्या खाचरात कापणीला वरच्या वाडीतल्या बायका उतरायच्या. त्यांतच सगुणामावशी होती. पस्तिशीची असेल. अंगाने काटक, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू, आणि जीभ विळ्यापेक्षा धारदार. मी वही घेऊन बांधावर बसले तर म्हणाली, “चित्तर काढतीस? काढ की. पर मी थांबायची न्हाई. तूच हलत ऱ्हा.”

मी खरंच हलत राहिले. तिच्या मागेमागे खाचरातून खळ्यावर, खळ्यावरून डोंगर चढून तिच्या घरी. कुडाचं घर, पुढे सारवलेली पडवी आणि पडवीत जातं. पहाट सरता सरता ती नाचणीचं दळण घेऊन बसायची. उजवा हात खुंट्याला, डाव्या हाताने मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात. दळताना ओव्या म्हणायची. ओवीत आई असे, भाऊ असे, माहेरची वाट असे. नवरा मात्र नसे. लांबून गाडीची शिट्टी आली, की तिचा हात किंचित मंदावायचा. आणि मंदावला हे लक्षात आलं, की जरा जास्तच जोराने फिरायचा.

एकदा मी विचारलंच. मी विचारायला नको होतं, पण वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला काय कळतं.

“मावशी, तुमचे मालक कुठे असतात?”

“आमचं मानूस बेगडेवाडीकडं रुळाच्या कामाला गेलतं. खडी टाकायला. हप्त्याला यायचं. एका हप्त्याला आलं न्हाई.”

“मग?”

“मग काय? न्हाई आलं.” तिने जात्यात मूठ टाकली. “नऊ सुग्या झाल्या.”

भांडण नाही, तंटा नाही. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, पगार घेऊन गेला. कुणी म्हणे कल्याणला दिसला, कुणी म्हणे साधूंबरोबर गेला. तिच्या घरी ती, दीर आणि धाकटी जाऊ गंगू. गंगू वाईट नव्हती. तिचा भाऊ बायको गेल्यापासून एकटा होता, सरळ स्वभावाचा होता, आणि सगुणामावशीने त्याच्याशी घरोबा करावा असं तिला मनापासून वाटे. “बाई, ते एकदाचं करून टाक की,” असं ती म्हणायची. “ते” म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. सगुणामावशी ऐकू आलं नाही असं दाखवायची. “मला कसली घाई?” म्हणायची आणि दळत राहायची.

मी पत्रा तापवून त्यावर काळं मेण चढवलं आणि चार सकाळी तिच्या पडवीत बसून थेट त्यावरच सुईने तिला उतरवलं. सुईने मेण खरवडलं की खालचं तांबं लाल चमकतं. सगुणामावशी मधेच वाकून बघायची. “ही मी व्हय? कोळशागत काळी केलीस की गं!” पण खूश होती. मग पत्रा तेजाबात ठेवला, की तेजाब उघडं तांबं खातं आणि रेघ खोल होते; तिच्यावर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलवावे लागतात. पीससुद्धा तिनेच दिलं, तिच्याच कोंबडीचं. आई लांब उभी राहून नाकाला पदर लावून म्हणाली, “घरात हे असलं काही उकळताना पाहिलं तर लोक काय म्हणतील?” कुणी काही म्हटलं नाही. सुगीत लोकांना वेळ कुठे असतो?

आता इथे आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगते. पत्र्यावर शाई चढवून त्यावर कागद दाबला, की पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं येतं. उजवं ते डावं, डावं ते उजवं. आरशासारखं. आम्हाला याचं काही वाटत नाही. चित्रात अक्षरं असली तरच आम्ही आरसा समोर ठेवून ती आधी उलटी काढतो, म्हणजे छापताना सुलटी येतात. बाईला कुठे अक्षरं असतात? मी आरसा घेतला नाही.

मुंबईला जाऊन छाप काढला. सरांनी बराच वेळ पाहिला आणि फक्त “हं” म्हणाले. त्यांचं “हं” म्हणजे आमची दिवाळी. एकच खोट होती. डाव्या मुठीतले दाणे आणि जात्याभोवतीचं पीठ मी फार बारीक रेघांनी काढलं होतं, ते तेजाबाने नीट खाल्लंच नव्हतं. कागदावर दाणे नाहीत, पीठ नाही. सर म्हणाले, “राहू दे, रिकामं छान दिसतं.” मी दुसरा छाप काढून नळीत गुंडाळला आणि रविवारी गाडी धरली. मार्गशीर्ष लागला होता. वाडीत शेवटचं भात झोडायचं चाललं होतं, सगळे खळ्यावरच होते. मी धापा टाकत चढले आणि सगळ्यांसमोर ऐटीत कागद उघडला.

पहिली ओरडली ती गंगू. “अगं बया! फिरवलंस की गं शेवटाला!”

झोडणी थांबली. माणसं भोवती जमली. मला वाटलं, कौतुक करताहेत. मग वाडीतले वडीलधारे आबा पुढे आले. त्यांनी कागदावर बोट न टेकवता एकेक गोष्ट दाखवली. “पदर उजव्या खांद्याव. नाकातली फुली उजवीकडं. डावा हात खुंट्याला. जातं उलटं, आन रिकामं.” मग त्यांचं बोट चित्रातल्या तोंडाशी थांबलं. मी तिला ओवी म्हणताना काढलं होतं, ओठ किंचित उघडे. आबा हळूच म्हणाले, “आन नाव घेतीया.”

 सगुणामावशीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं.

मग आबांनीच मला समजावलं. माणूस न सांगता निघून गेलं, तर त्याच्या बायकोने एकदा, फक्त एकदा, जातं उलटं फिरवायचं. पदर उलट्या खांद्यावर घ्यायचा, जात्यात दाणा टाकायचा नाही, आणि जन्मात कधी उच्चारलं नाही ते नवऱ्याचं नाव जात्याच्या तोंडात सांगायचं. “असंल तितनं मागं फिरतं मानूस. होळीपातुर वाट बघायची. आलं तर आलं.”

“आणि नाही आलं तर?”

“मग ते न्हाईच म्हनायचं. बाईनं कुकू पुसायचं. मोकळी झाली.”

“ते” म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं. आणि नऊ वर्षं ती ते का करत नव्हती, तेही. जोवर विचारलं नव्हतं, तोवर “नाही” असं उत्तरही आलेलं नव्हतं. तिचं सगळं सौभाग्य त्या न विचारण्यावर उभं होतं. ते मी, परीक्षेत पहिला वर्ग मिळवायच्या नादात, भर खळ्यावर विचारून टाकलं होतं.

मी पुष्कळ समजावलं. ओल्या शेणामातीवर हात दाबून दाखवला, कागद आणि पत्रा तोंडाला तोंड लावून असतात, म्हणून असं होतं, हे सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. “तुजं खोटं न्हाई, पोरी. पर फिरलं ते फिरलं. दगडाचं काय, कागदाचं काय.” गंगूने हात जोडले, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. सगुणामावशीने कागद माझ्या हातातून घेतला, गुंडाळला, घरात ठेवून आली आणि म्हणाली, “चला, दोन भारं ऱ्हायल्यात.”

घरी येऊन मी रडले. आईने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “चित्र काढलंस की तिचं कपाळ?” आईचं बोलणं तेजाबासारखं असे. थेंबच पडे, पण खाली तांब्यापर्यंत जाई.

पुढचे तीन महिने मी मुंबईत दुसरी प्लेट केली. या वेळी आरसा समोर ठेवला. पदर, फुली, हात, सगळं पत्र्यावर उलटं काढलं, म्हणजे कागदावर सुलटं येईल. मूठभर दाणे खोल कोरले. ओठ मिटवले. आरशात बघून बघून मान अवघडली. सर म्हणाले, “हे बिनचूक आहे. पण पहिलीत जीव होता.” मी त्यांना काय सांगणार? माझी परीक्षा केव्हाच बदलली होती. रोज उठून मी दिवस मोजत होते आणि देवाला म्हणत होते, त्या माणसाला आण, नाहीतर यंदाची होळी तरी आणू नकोस. होळी मात्र आली.

सकाळीच डोंगर चढले. वाडीत चुली पेटल्या होत्या, पुरणाचा वास सुटला होता. तो आलेला नव्हता. सगुणामावशी पडवीत बसून पुरण वाटत होती. मी तिच्यासमोर नवा कागद उलगडला. “मावशी, हे बघा. आता सगळं सरळ आहे. तो जुना मला परत द्या, संध्याकाळी होळीत टाकू. मग कुणी काही म्हणणार नाही.”

तिने हात पुसले. नव्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं. “हे लय झ्याक झालंय,” ती म्हणाली. “पर हे नगं. त्योच ऱ्हाऊ दे.”

“अहो पण—”

“नऊ वरसं मी सरळच दळलं, पोरी. येक डाव त्याला ‘ये’ म्हनलं न्हाई. भ्या वाटायचं. हाक मारली आन न्हाई आला, तर?” ती आत गेली आणि जुना कागद घेऊन आली. ती रोज तो उघडून बघत असावी. त्याच्या कडा पुरणपोळीच्या काठासारख्या मऊ पडल्या होत्या. “ही बघ कशी बसलीया. हिला भ्या न्हाई. तोंड भरून हाक मारती. मी सकाळी दळाया बसते, ही समूर ठिवते. मी दळते, ती हाक मारती.”

 मग तिने विचारलं, “असे अजून निघत्यात व्हय, त्या पत्र्यावनं?”

“निघतात. पाहिजे तेवढे.”

“मग काढ की. गावोगाव लाव. जितक्या बाया हाका मारतील तितकं बरं. कुटं तरी त्याच्या नजरंला पडंल.”

तेवढं मी केलं. आयुष्यभर केलं. पहिल्या पत्र्याचे छाप मी मुंबईला लावले, दिल्लीला लावले, कलकत्त्याला पाठवले. आरशातून काढलेली ती बिनचूक प्लेट परीक्षा पास करून ट्रंकेत जाऊन बसली. माझं प्रदर्शन असलं की लोकांना वाटतं, बाई दाराशी उभ्या राहून स्वागत करतात. मी दाराशी उभी असते ते ‘जातं’समोर कोण थांबतंय ते बघायला. एखादा रापलेला, खडी उचलून उचलून बोटं जाडी झालेला म्हातारा. चार वेळा मी असे म्हातारे गाठले, गाव विचारलं. एक साताऱ्याचा निघाला, एक प्रदर्शनाच्या दालनातला शिपाईच होता. तो माणूस असलाच तर आता नव्वदीच्या पुढे असेल, आणि सगुणामावशीला जाऊनही बरीच वर्षं झाली. तरी मी बघते. तिची हाक माझ्या हातून सुटली होती. ती कुठे पोचली का, हे मला अजून कळायचं आहे. सुगीत हात चालत नाही तो यामुळे. भाताचा वास आला की वाटतं, नळी काखेत मारावी, डोंगर चढावा आणि तिला सांगावं, मावशी, परवा तुम्ही नागपूरला लागला होतात. ती म्हणाली असती, “मग? दिसलं का कोन?” ते ऐकायला मी काहीही देईन.

त्या होळीच्या संध्याकाळी मी वाडीतच थांबले. मला पळून जावंसं वाटत होतं, पण जे आपण केलं ते शेवटपर्यंत बघावं, एवढी अक्कल आली होती. गोवऱ्या रचल्या, आबांनी होळी पेटवली, पोरांनी बोंब ठोकली. बायकांनी नारळ वाहिले. मग सगळं जरा निवलं आणि लोकांच्या नजरा हळूहळू सगुणामावशीकडे वळल्या.  शेवटी गंगू पुढे आली. हातात ओलं फडकं होतं.

“बाई,” ती म्हणाली, “होळी झाली.”

“झाली की.”

“मग... कपाळ.”

सगुणामावशीने तिच्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. जाळाच्या उजेडात तिचं कुंकू नुकतंच लावल्यासारखं दिसत होतं. लावलंच होतं तिने, मी पाहिलं होतं, पहिल्यापेक्षा मोठं.

“का म्हनून?” ती म्हणाली. “मी कुटं जातं फिरवलं? फिरवलं त्या कागदातलीनं. पुसायचं तर तिचं पुसा.”

आबांनी खाली वाकून एक गोवरी जाळात सारली. गंगूचा हात खाली आला.

“आन माजं मानूस मला सांगूनच गेलंय,” सगुणामावशी म्हणाली, “हप्त्याला येतो म्हनून. कंच्या हप्त्याला, तेवढं सांगायचं ऱ्हायलंय.”